विमानात वायफाय आलं, पण तुमच्या विमानात का नाही?

१ जानेवारी २०२५ रोजी एअर इंडियाने जाहीर केलं की देशातल्या देशात उडणाऱ्या तिच्या काही विमानांत आता वायफाय मिळेल. भारतीय कंपनीच्या देशांतर्गत विमानात प्रवाशांना इंटरनेट मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्याआधी दोनच महिने, नोव्हेंबर २०२४ मध्ये, केंद्र सरकारने विमानातल्या वायफायचा नियम आणखी सैल केला होता. बातम्या झाल्या, रील्स झाल्या, ‘आता ढगांतून व्हॉट्सॲप’ अशा हेडलाइनही झाल्या.

आणि तरीही तुम्ही पुणे-नागपूर किंवा मुंबई-गोवा तिकीट काढून विमानात बसलात, तर बहुतेक वेळा काय होतं? दार बंद होतं, फोन फ्लाइट मोडवर जातो आणि पुढचा तास-दीड तास तुम्ही गॅलरीतले जुने फोटो डिलीट करत बसता.

मग अडलंय कुठे? बऱ्याच जणांना वाटतं की सरकार परवानगी देत नाही, किंवा वायफायमुळे विमानाला धोका असतो. दोन्ही कारणं आता खरी नाहीत. परवानगीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलाय. आता प्रश्न हिशेबाचा आहे: यंत्रणा बसवायचा खर्च कोण करणार, तो वसूल कोणाकडून करणार, आणि ‘फुकट’ मिळालं तर त्याची किंमत तुम्ही कशात मोजणार. हे नीट कळलं, तर पुढच्या प्रवासात तुमचे पैसेही वाचतील आणि फसवणूकही टळेल.

चिन्ह एकच, गोष्टी तीन

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. विमानात वायफायचं चिन्ह दिसलं म्हणजे इंटरनेट आहे असं नाही. त्यामागे तीन वेगवेगळ्या सेवा असू शकतात.

पहिली सेवा म्हणजे फक्त मनोरंजन. विमानात एक छोटा सर्व्हर ठेवलेला असतो आणि त्यात सिनेमे, मालिका, गाणी आधीच भरून ठेवलेली असतात. तुम्ही फोन विमानाच्या वायफायला जोडता आणि त्या सर्व्हरवरचा सिनेमा पाहता. एअर इंडियाची ‘विस्टा स्ट्रीम’ ही अशीच सेवा. यात विमानाचा बाहेरच्या जगाशी काही संबंध येत नाही. घरातल्या राउटरला पेन ड्राइव्ह लावून सिनेमा पाहण्यासारखंच हे. इथे व्हॉट्सॲप चालणार नाही, आणि त्यात सेवेचा काही दोषही नाही.

दुसरी सेवा म्हणजे खरं इंटरनेट. विमानातलं वायफाय उपग्रहामार्फत जमिनीवरच्या इंटरनेटला जोडलेलं असतं. फोन फ्लाइट मोडवरच ठेवायचा, फक्त वायफाय चालू करायचं.

तिसरी सेवा सर्वांत फसवी आहे: विमानातलं मोबाइल नेटवर्क. काही विमानांत, विशेषतः परदेशी कंपन्यांच्या लांब पल्ल्याच्या विमानांत, एक चिमुकला मोबाइल टॉवरच बसवलेला असतो. तुमचं सिमकार्ड त्या टॉवरला जोडलं जातं आणि फोनवर तुमच्या कंपनीच्या नावाऐवजी ‘एअरोमोबाइल’सारखं वेगळंच नाव दिसायला लागतं. हे रोमिंग आहे, आणि ते साध्या रोमिंगपेक्षा महाग असतं. दुबईला गेल्यावर वापरायला घेतलेला आंतरराष्ट्रीय पॅक विमानातल्या या नेटवर्कला लागू असेलच असं नाही. एअरटेलने फेब्रुवारी २०२४ मध्ये खास विमानासाठी पॅक आणले, तेव्हा सर्वांत स्वस्त पॅक १९५ रुपयांचा होता आणि त्यात डेटा मिळत होता २५० एमबी. जिओनेही २०२० मध्ये ४९९ रुपयांपासून असे पॅक आणले होते.

आता विचार करा. तुमचं रोमिंग चालू आहे, फ्लाइट मोड लावायला विसरलात आणि झोपलात. तुम्ही झोपलात तरी फोन जागाच असतो. फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, ग्रुपवरचे व्हिडिओ, सगळं मागच्या मागे चालू. पॅक नसेल तर हे बिल कुठवर जाईल, याचा अंदाज उतरल्यावर येतो. पहिल्यांदा परदेशी निघालेल्याने तरी हा फरक समजून घ्यायलाच हवा.

मग फ्लाइट मोड लावायला का सांगतात?

वायफाय चालतं, तर मोबाइल नेटवर्क का नको? दोन्ही रेडिओ लहरीच ना?

लहरीच, पण दोघांची ताकद आणि पल्ला वेगळा. वायफायमध्ये तुमचा फोन डोक्यावरच्या छतात बसवलेल्या राउटरशी बोलतो. अंतर काही मीटरचं, त्यामुळे ताकद अगदी कमी लागते. मोबाइल नेटवर्कमध्ये मात्र फोन काही किलोमीटरवरचा टॉवर शोधत असतो. टॉवर सापडला नाही, की तो आपला आवाज वाढवतो, म्हणजे जास्त ताकदीने सिग्नल सोडतो. एका विमानात १८० प्रवासी असले, तर असे १८० फोन एकदम ओरडायला लागतात.

शिवाय जमिनीवर तुमच्या फोनला आजूबाजूचे मोजकेच टॉवर दिसतात. उंचीवरून एकाच वेळी ढीगभर टॉवर दिसू शकतात, आणि विमान ताशी ८००-९०० किलोमीटरने पळत असतं. टॉवरची रचना अशा ग्राहकासाठी केलेलीच नसते. म्हणजे भीती फक्त विमानाची नव्हती, जमिनीवरच्या नेटवर्कचीही होती. विमानातल्या यंत्रणांचा विचार करता, फोनमुळे पायलटच्या हेडफोनमध्ये खरखर येऊ शकते. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी, जेव्हा कंट्रोल टॉवरचा प्रत्येक शब्द महत्त्वाचा असतो, तेव्हा कोणालाच ती खरखर नको असते.

म्हणून सूत्र साधं आहे: सिम बंद, वायफाय चालू. फ्लाइट मोड लावल्यावरही वायफाय आणि ब्लूटूथ वेगळे चालू करता येतात.

नियम तीन टप्प्यांत सुटले

भारतात ही दारं हळूहळू उघडली.

पहिला टप्पा २०१८ चा. त्या वर्षीच्या जानेवारीत ट्रायने विमानात इंटरनेट आणि मोबाइल सेवेला परवानगी द्यावी अशी शिफारस केली, आणि डिसेंबरमध्ये सरकारने विमान व जहाजांतल्या जोडणीचे नियम जाहीर केले. त्यात भारतीय हद्दीत मोबाइल सेवेसाठी किमान ३००० मीटर उंचीची अट होती, जमिनीवरच्या नेटवर्कला त्रास होऊ नये म्हणून.

दुसरा टप्पा २०२० चा. विमान नियमांत बदल झाला आणि पायलटला प्रवाशांसाठी वायफायवरून इंटरनेट सुरू करण्याची मुभा मिळाली. फोन, लॅपटॉप, टॅब्लेट, स्मार्टवॉच, ई-रीडर यांचा स्पष्ट उल्लेख झाला. अट एकच, उपकरण फ्लाइट मोडवर हवं.

तिसरा टप्पा नोव्हेंबर २०२४ चा. या दुरुस्तीबद्दल ‘३००० मीटरनंतरच वायफाय’ असं बऱ्याच ठिकाणी छापून आलं. दुरुस्तीची भाषा मात्र उलटी आहे. किमान उंचीची अट काहीही असली, तरी विमानात उपकरणं वापरायला परवानगी असेल तेव्हा वायफायवरून इंटरनेट देता येईल, असं तिचं म्हणणं. म्हणजे ३००० मीटरची रेघ मोबाइल नेटवर्कसाठी राहिली, वायफाय तिच्यातून मोकळं झालं. वर सांगितलेला ताकदीचा फरक लक्षात घेतला, तर हा बदल तर्काला धरूनच आहे.

एवढं झालं तरी तुमच्या विमानात नेट नाही. कारण नियम फक्त दार उघडतो, आत यंत्रणा बसवायची असते विमान कंपनीने.

दहा किलोमीटर उंचीवर नेट पोचतं कसं?

याचे दोन मार्ग आहेत. एक, जमिनीवर आकाशाकडे तोंड केलेले खास टॉवर उभारायचे आणि विमानाच्या पोटाखाली अँटेना लावायचा. अमेरिकेत २००८ पासून ‘गोगो’ने ही पद्धत रुळवली. पण समुद्रावर टॉवर कुठून आणणार? मुंबईहून आखातात जाणारं विमान उडाल्यावर थोड्याच वेळात अरबी समुद्रावर असतं. म्हणून जगभर दुसरा मार्ग वाढला: उपग्रह.

त्यात विमानाच्या पाठीवर एक अँटेना असतो. त्यावर फुगीर टोपीसारखं आवरण असतं. पुढच्या वेळी एरोब्रिजवरून विमानांच्या पाठीकडे पाहा, काहींना कुबडासारखा उंचवटा दिसेल. तुम्ही मेसेज पाठवला की तो छतातल्या राउटरकडे जातो, तिथून विमानातल्या मोडेमकडे, मग अँटेनातून उपग्रहाकडे, उपग्रहाकडून जमिनीवरच्या गेटवे केंद्राकडे, आणि तिथून नेहमीच्या इंटरनेटवर. उत्तर याच वाटेने परत येतं.

उपग्रह किती उंचीवर आहे, त्यावर अनुभव ठरतो. जुने, मोठे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तुमची विनंती वर जाऊन खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार. एकूण प्रवास सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. मेसेजला काही फरक पडत नाही, पण ऑनलाइन गेममध्ये अर्धा सेकंद म्हणजे तुम्ही कधीच आउट झालेले असता. स्टारलिंकसारख्या कंपन्यांचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे ही दिरंगाई खूपच कमी होते. मात्र ते एका जागी थांबत नाहीत, म्हणून त्यांची संख्या हजारोंत लागते.

दुसरी गोष्ट वाटणीची. समजा एका विमानाला १०० एमबीपीएस वेग मिळाला. घरी ऐकायला छान वाटतो. पण १०० प्रवासी एकाच वेळी जोडले गेले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आला १ एमबीपीएस. मेसेज, मेल, बातम्या चालतील. सगळ्यांनी एकदम रील्स उघडल्या, की गोल चक्र फिरत राहणार. म्हणूनच बऱ्याच कंपन्या चॅट, ब्राउझिंग आणि व्हिडिओ यांचे वेगळे पॅक करतात.

खरी अडचण: दीड तासाचं गणित

आता भारतातल्या विमान प्रवासाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबई-नागपूर साधारण दीड तास, पुणे-दिल्ली दोन तासांच्या आसपास. त्यातून धावपट्टीपर्यंत जाणं, टेकऑफ, लँडिंगची तयारी हे सगळं वजा करा. नेट वापरायला हातात उरतो पाऊण तास, फार तर सव्वा तास. तेवढ्यासाठी किती लोक वेगळे पैसे देतील?

उलट बाजूला खर्च बघा. अँटेना आणि मोडेमचा खर्च. बसवण्यासाठी विमान काही दिवस जमिनीवर ठेवावं लागतं, आणि उभं विमान म्हणजे बुडालेली कमाई. प्रत्येक विमान-प्रकारासाठी सुरक्षेचं वेगळं प्रमाणपत्र. पाठीवरच्या उंचवट्यामुळे हवेचा विरोध वाढतो, वजन वाढतं, म्हणजे प्रत्येक उड्डाणात थोडं जास्त इंधन. वर उपग्रहाच्या डेटाचं भाडं.

देशातल्या १० विमानप्रवाशांपैकी ६ हून जास्त प्रवासी इंडिगोने जातात. या कंपनीने धंदा उभा केला तो कमी तिकीट, भराभर फेऱ्या आणि साधी सेवा यांवर. तिथे शंभर रुपयांच्या फरकाने प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे जातो. अशा बाजारात वायफायसाठी तिकीट वाढवायचं धाडस कोण करणार? एअर इंडियानेही सुरुवात केली ती एअरबस ए३५०, बोइंग ७८७-९ आणि काही निवडक ए३२१ निओ विमानांतच. ही मुख्यतः परदेशी मार्गांसाठी घेतलेली विमानं. देशात उडतील तेव्हा वायफाय सोबत येतं, एवढंच. कोल्हापूर, जळगाव, नांदेडसारख्या शहरांतून उडणाऱ्या छोट्या विमानांचा नंबर यात कुठे लागेल, ते वेगळं सांगायला नको.

हा तिढा फक्त भारताचा नाही. बोइंगने २००४ मध्ये ‘कनेक्शन’ नावाची सेवा सुरू केली होती. लुफ्तान्साच्या विमानांपासून सुरुवात झाली. तंत्र चालत होतं, पण लांबच्या प्रवासाला सुमारे ३० डॉलर मोजणारे पुरेसे मिळाले नाहीत आणि २००६ मध्ये बोइंगने दुकान बंद केलं. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं की विमानात इंटरनेट पोचवता येतं, कठीण आहे ते त्याचे पैसे वसूल करणं.

फुकट म्हणजे नेमकं काय?

पुढे काही कंपन्यांनी वेगळा मार्ग काढला. अमेरिकेच्या जेटब्लूने वायफाय सगळ्यांना फुकट दिलं. डेल्टानेही फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत विमानांत फुकट वायफाय सुरू केलं, पण त्यासाठी तिच्या सदस्य योजनेत नाव नोंदवावं लागतं. युनायटेडचाही स्टारलिंकबाबत हाच पवित्रा. इथे खरा सौदा दिसतो: पैसे नकोत, ओळख द्या. कंपनीला तुमचा मेल, फोन नंबर, प्रवासाच्या सवयी मिळतात, आणि पुढचं तिकीट तुम्ही तिच्याच ॲपवर काढण्याची शक्यता वाढते.

भारतातली किंमत किती, याचा अंदाज विस्तारावरून येतो. तिने सप्टेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर वायफाय सुरू केलं, भारतीय कंपन्यांत सगळ्यांत आधी. २०२४ मध्ये तिने २० मिनिटं मोफत द्यायला सुरुवात केली. त्यापुढे फक्त मेसेजिंगचा पॅक सुमारे ३७३ रुपये, ब्राउझिंगचा सुमारे १,५७८ आणि व्हिडिओसकट सगळ्याचा सुमारे २,७०७ रुपये, वर जीएसटी. जमिनीवर तीनशे-साडेतीनशेत महिनाभर रोज दीड-दोन जीबी मिळणाऱ्या देशात हे दर. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि काही वायफायवाली विमानंही तिच्यासोबत आली.

एअर इंडियाने जानेवारी २०२५ मध्ये देशांतर्गत सेवा मोफत जाहीर केली, तेव्हा ‘सुरुवातीच्या काळासाठी’ हे शब्द जोडलेले होते. जिओचं सिम सुरुवातीला कसं मिळालं आणि पुढे रिचार्ज कसे वाढत गेले, हे पाहिलेल्या पिढीला या शब्दांचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. अर्थात यात चूक काही नाही. सवय लागल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत, हे प्रत्येक कंपनीला माहीत असतं.

दर कमी होतील का?

शक्यता आहे, आणि तिचं कारण आकाशात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोचा जीसॅट-एन२ उपग्रह अमेरिकेतून स्पेसएक्सच्या रॉकेटने सोडला गेला. ४,७०० किलोचा हा उपग्रह ब्रॉडबँडसाठी आहे, विमानातलं इंटरनेट हेही त्याचं एक काम. क्षमता ४८ जीबीपीएस, आणि भारतावर ३२ वेगवेगळे झोत, त्यातले ८ ईशान्य भारतासाठी. देशी क्षमता वाढली की भाडं उतरायला जागा होते.

दुसरीकडे स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना आणि जुलैमध्ये इन-स्पेसची मंजुरी मिळाली. कतार एअरवेजसारख्या कंपन्या आपल्या विमानांत स्टारलिंक बसवत आहेत. पण परवाना मिळणं वेगळं आणि सेवा सुरू होणं वेगळं. मधे स्पेक्ट्रमचे दर, सुरक्षेच्या चाचण्या, गेटवे केंद्रं असे बरेच टप्पे असतात. प्रत्येक देशाच्या हवाई हद्दीत त्या देशाची परवानगी लागते. म्हणून लांबच्या प्रवासात नेट मध्येच बंद पडलं, तर दरवेळी दोष यंत्रणेचा नसतो. कधीकधी खालचा देश बदललेला असतो.

ओळख, पासवर्ड आणि खोटं वायफाय

एअर इंडियाच्या सेवेत लॉगिन करायला पीएनआर आणि आडनाव लागतं. याचा अर्थ सरळ आहे: तुमचं प्रत्येक सत्र तुमच्या तिकिटाशी जोडलेलं असतं. शिवाय सेवेला जमिनीवरच्या नेटसारखेच देखरेखीचे सरकारी नियम लागू आहेत. विमानात आपण निनावी नसतो, हे लक्षात ठेवलेलं बरं. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपनी तुमची माहिती कशासाठी घेते, हे विचारण्याचा तुमचा हक्क त्यामुळे टप्प्याटप्प्याने बळकट होईल. तोवर ‘ॲग्री’ दाबण्याआधी दोन ओळी वाचायला हरकत नाही.

धोका कंपनीकडूनच असतो असंही नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी एका माणसावर गुन्हे दाखल केले. त्याच्यावर आरोप होता की तो विमानतळांवर आणि चक्क विमानात खऱ्यासारखं दिसणारं खोटं वायफाय चालू करायचा. लोक जोडले गेले की एक पान उघडायचं, ज्यात मेल किंवा सोशल मीडियाचं लॉगिन मागितलं जायचं. विमानात नेट नसल्याने लोक आधीच उतावीळ असतात, आणि नेमकं तेच अशा माणसाच्या पथ्यावर पडतं. पीएनआर मागणं समजू शकतं. तुमचा जीमेल किंवा इन्स्टाग्रामचा पासवर्ड विमानाच्या वायफायला कशाला हवा?

दोन तास शांतता, की दोन तास काम?

एक बाजू राहिली, जिचा हिशेब पैशात होत नाही. आजवर ‘फ्लाइटमध्ये होतो’ हे असं कारण होतं, की त्यावर बॉसही काही बोलू शकत नव्हता. वायफाय आलं की तेही गेलं. ऑफिसच्या ग्रुपवर निळी टिक दिसली की उत्तर अपेक्षित असतं, तुम्ही ढगांत असा की डोंबिवली लोकलमध्ये.

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क देणारं खाजगी विधेयक २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडलं. खाजगी विधेयकाचा कायदा होणं दुर्मीळच, त्यामुळे आज असा हक्क कायद्यात नाही. मात्र मुद्दा खरा आहे. आयटीत किंवा सेल्समध्ये काम करणाऱ्या, महिन्यातून चारदा दिल्ली-बंगळूर करणाऱ्या मुलामुलींसाठी विमानातलं वायफाय ही सोय ठरेल की आणखी दोन तासांची बिनपगारी ड्युटी, हे तंत्रज्ञान ठरवणार नाही. ते ऑफिसची पद्धत ठरवेल.

दुसरीकडे, घरात कोणी आजारी असताना निघालेल्या माणसाला, किंवा दुबईला पहिल्या नोकरीला चाललेल्या मुलाच्या आईला, एक ‘नीट आहे’ एवढा मेसेज किती मोलाचा असतो, हेही विसरून चालणार नाही. म्हणून किमान मेसेजिंग तरी सगळ्यांना फुकट मिळावं, ही मागणी अवाजवी नाही. मेसेजला डेटा नगण्य लागतो, त्यामुळे कंपनीलाही ते जड जाऊ नये.

पुढच्या प्रवासाआधी एवढं करा

– तिकीट काढताना किंवा चेक-इनच्या वेळी तुमच्या विमानात ‘इंटरनेट’ आहे की फक्त ‘मनोरंजन’, ते बघा. ऐनवेळी विमान बदलू शकतं, त्यामुळे महत्त्वाची मीटिंग आकाशावर सोडू नका.

– परदेशी जात असाल तर विमानात फ्लाइट मोड लावाच. मोबाइल नेटवर्क वापरायचं असेल तर तुमच्या पॅकमध्ये विमानातलं रोमिंग आहे का, हे आधी कंपनीच्या ॲपवर तपासा.

– वायफायचे पैसे विमानात भरायचे असतील तर ओटीपीचा विचार करा. फ्लाइट मोडवर एसएमएस सहसा येत नाही, आणि ओटीपीशिवाय कार्ड बहुतेकदा चालत नाही. पॅक आधी घेता येत असेल तर जमिनीवरच घ्या.

– फोटो बॅकअप, ॲप अपडेट आणि व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड बंद करा. पहिला निम्मा डेटा तुमच्या नकळत तेच खातात.

– नेटवर्कचं नेमकं नाव सीटवरच्या कार्डावर बघा किंवा केबिन क्रूला विचारा. सोशल मीडियाचा पासवर्ड मागणारं पान दिसलं की बाहेर पडा.

– नेट मिळालं तरी व्हॉइस कॉल होईलच असं नाही. बऱ्याच विमान कंपन्या ते बंद ठेवतात, आणि शेजारच्या सीटवरच्याला त्याचा आनंदच होतो.

– तिकीट, हॉटेलचा पत्ता, नकाशा आणि एखादा सिनेमा डाउनलोड करून ठेवा. दीड तासाच्या प्रवासात अजून तरी हाच सर्वांत भरवशाचा पॅक आहे.

येत्या काळात ‘आता सगळ्या विमानांत वायफाय’ अशा बातम्या पुन्हा येतील. तेव्हा हेडलाइनवर थांबू नका. तीन प्रश्न विचारा: कोणत्या विमानांत, किती दिवस फुकट, आणि बदल्यात काय मागताहेत? या तिन्हींची उत्तरं त्या बातमीत नसतील, तर ती जाहिरात आहे असं समजून पुढे स्क्रोल करा.